डब्यांची झोप

"परत सेल बदललेस? माझ्याशिवाय डबा उघडायचा नाही, किती वेळा सांगितलं तुला?"

"मग मेलेला डबा तसाच ठेवू? हार घालू त्याला?"

"मेला होता की झोपला होता, कळतं तरी का तुला?"

"कळतं. झोपलेला उठतो. हा उठत नव्हता."

मान-निंग बांधावर उभी होती. काखेत लॅपटॉप, केस सगळे तोंडावर. मी तळ्यात, तराफ्यावर, हातात बांबू. वारा तिच्याकडून माझ्याकडे येत होता, म्हणजे तिची प्रत्येक शिवी मला नीट पोचत होती आणि माझी तिला अर्धीच जात होती. म्हणून मी दुप्पट ओरडत होतो. शेजारच्या तळ्यावरचे खिम-पे, म्हणजे खिमकाका, हातातलं काम टाकून आमच्याकडे बघत बसले होते. त्यांच्या घरचा टीव्ही बिघडलाय, आमच्यावर भागवतात.

मान-निंग माझ्या मोठ्या काकांची मुलगी. मी तिला आ-ची म्हणतो, म्हणजे ताई, पण भांडताना नुसतं 'ए'. ती ताइनान शहरात विद्यापीठात आहे. तिचा अभ्यास कसला, तर बिनतारी सेन्सर कमीत कमी सेलवर जास्तीत जास्त दिवस कसे चालवायचे. मी गेल्या वर्षी शाळा सोडली. आमचे सर फळ्याकडे तोंड करून फळ्यालाच शिकवायचे. एक दिवस मी मधेच उठून बाहेर आलो आणि परत आत जावंसंच वाटलं नाही. घरी खूप तमाशा झाला. आ-कोंग, म्हणजे आमचे आजोबा, तेवढे शांत होते. "तळ्यावर माणूस लागतोच," म्हणाले. तेव्हापासून मी इथे.

तळी चार, आणि त्यात साबाही मासा. पोटाला लोण्यासारखी चरबी, पण थंडीचं नाव काढलं की एकदम राजकन्या. पाणी गार झालं की आधी खाणं सोडतो, मग हलणं सोडतो, आणि सकाळी बघावं तर सगळी पांढरी पोटं वर. म्हणून उत्तरेकडून थंडीची लाट आली की आमची सगळी किनारपट्टी जागी राहते. जमिनीखालचं पाणी कोमट असतं, ते पंपानं वेळेवर तळ्यात सोडायचं. काम एवढंच आहे. पण वेळेवर म्हणजे कधी? आधीच सोडलं तर पहाटेपर्यंत बोअरला दम राहत नाही. उशिरा सोडलं तर मासा राहत नाही. आ-कोंग दोरीला थर्मामीटर बांधून रात्र रात्र बांधावरून फिरायचे. माझ्या बाबांच्या जन्माआधीपासून. उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं सांगून टाकलं, ओल्या बांधावर पाय ठेवायचा नाही.

"मी फिरतो ना," मी म्हटलं होतं.

"एक रात्र फिरशील," आ-कोंग म्हणाले. "लाट एका रात्रीची नसते. तिसऱ्या रात्री तू झोपेत तळ्यात पडशील आणि मला काही तुला काढायला येता येणार नाही."

त्यात तो सोलरवाला लियाओ. दर महिन्याला संत्र्यांची पेटी घेऊन यायचा, आ-कोंगच्या गुडघ्याची माझ्या आईपेक्षा जास्त चौकशी करायचा. तळ्यांत खांब ठोकून वर काळे पत्रे टाकायचे म्हणत होता. खाली मासे ठेवा, नाहीतर ठेवू नका, त्याला फरक पडत नव्हता. शेवटी एकदा जेवताना आ-कोंग सगळ्यांसमोर बोलले, "या हिवाळ्यात मासे राहिले तर तळी आपली. गेले तर मी लियाओच्या कागदावर सही करतो." आणि त्याच्याच पेटीतलं संत्रं सोलायला लागले.

मी वाडगा खाली ठेवला. तळी गेली तर मी कुठे जाणार? परत त्या फळ्यासमोर, नाहीतर मामाच्या स्क्रूच्या कारखान्यात, दिवसभर स्क्रू बघत.

तेव्हा आ-चीनं हे डबे आणले. नऊ डबे, तळ्यांत पाइप रोवून त्यावर बसवलेले. डब्यात दोन सेल आणि छोटासा रेडिओ. खाली पाण्यात दोन वायरी, एक वरच्या थरात, एक तळाशी. डबा जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. मधेच डोळा उघडतो, पाणी किती गार ते बघतो, शेजारच्या डब्याला ओरडून सांगतो. शेजारी 'ऐकलं' म्हणाला की परत झोप. असा निरोप डब्याडब्यातून पंपघरात येतो आणि तिथून पंप आपोआप सुरू होतो. आ-ची म्हणते पाणी मोजायला सेल फारसा लागत नाही, ओरडायला लागतो, आणि कान उघडे ठेवायला लागतो. त्यामुळे तिची सगळी अक्कल डब्यांना झोपवण्यात चाललेली.

"दोन वर्षं मी झोपेचाच अभ्यास करतेय," ती एकदा म्हणाली.

"मीपण शाळेत तोच केला," मी म्हटलं.

डब्यांवरच एकेक छोटं सोलर बसव, असंही मी सुचवलं होतं. तिनं बसवून बघितलं. आठवडाभरात बगळ्यांनी सगळं पांढरं केलं.

तिच्या विद्यापीठाच्या गच्चीवर हेच डबे सगळा उन्हाळा चालले होते. सेल जवळजवळ नवेच राहिले होते म्हणे. इथे आणल्यावर दोन-तीन आठवड्यांत एकेक मान टाकायला लागला. तिला वाटलं खारा वारा. मग वाटलं थंडी. मग वाटलं दुकानदारानं जुने सेल दिले. मग वाटलं मी. मीच डबे उघडतो, मीच वायरी हलवतो, मीच सगळं बिघडवतो. दर शनिवारी ती यायची, डब्यांना अजून जास्त झोपवायची, आणि पुढच्या शनिवारी अजून दोन गेलेले असायचे. पाच नंबरचा डबा सगळ्यात लांब, उत्तरेच्या तळ्यात. सगळ्यात आधी गार होतं ते तेच तळं, आणि त्याचा निरोप निम्म्या वेळा पोचतच नव्हता.

आणि आम्ही भांडत होतो त्याच दिवशी संध्याकाळी लाट येणार होती. टीव्हीवर सकाळपासून अर्धा नकाशा निळा करून ठेवला होता.

"लाटेत डबे नेहमीपेक्षा जास्त बोलणार!" आ-ची ओरडली. "थंडीत सेल आधीच अशक्त! रात्री एखादा बसला तर पाण्यात कोण उतरणार, तू?"

"हो, मी!"

"मग तुला काढायला कोण उतरणार?"

एकदम आ-कोंगसारखं बोलली. माझं डोकंच सटकलं. मी तिच्याकडे पाठ केली आणि तराफा पाचकडे ढकलला. पाचचेही सेल बदलणार होतो, मुद्दाम, तिच्या डोळ्यांदेखत.

पाचचं झाकण उघडलं. झाकणाला आतून चिकटपट्टीनं पुडा लावलेला होता. हिरवा. मक्याच्या कुरकुऱ्यांचा, नारळाच्या चवीचा, लहान मुलांच्या डब्यात देतात तेवढा.

हा पुडा आमच्याकडे सगळीकडे असतो. दवाखान्यातल्या मशीनवर, बँकेच्या कॉम्प्युटरवर, टोलनाक्यावर. मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतात. हिरवाच लागतो, दुसऱ्या रंगाचा चालत नाही. तारीख उलटलेला चालत नाही. आणि खायचा तर अजिबात नाही. आ-चीच्या प्रयोगशाळेत प्रत्येक मशीनवर एकेक आहे, तिच्या प्राध्यापकांच्या टेबलावर तर दोन. गच्चीवरच्या डब्यांना तिनं लावले नव्हते, गच्चीवर जाऊन जाऊन काय जाणार होतं? पण इथे आ-कोंगची तळी होती. म्हणून तिनं नऊ पुडे देवळात नेले, धुपावरून फिरवून आणले आणि वाऱ्यापावसात खराब होऊ नयेत म्हणून प्रत्येक डब्यात, झाकणाच्या आत, स्वतःच्या हातानं चिकटवले.

मी सकाळपासून उपाशी होतो. वर ती ओरडलेली. मी तो पुडा ओरबाडून काढला, फोडला आणि तराफ्यावर बसून सगळा खाल्ला. पाइपवर बसलेला बगळा आशेनं बघत होता, त्यालाही दिला नाही. रिकामा पुडा खिशात कोंबला, सेल बदलले, झाकण लावलं. खाताना बरं वाटलं. परत येताना तेवढं बरं वाटत नव्हतं.

पंपघरात आ-ची स्टुलावर बसली होती, जाड जॅकेटात मान घालून, नाक लाल. वर न बघताच म्हणाली, "पाचला काय केलंस?"

"काही नाही."

"काहीतरी केलंस."

"सेल बदलले. घाल शिव्या."

"सेलनं असं होत नाही. पाच पहिल्या हाकेला पोचतोय. प्रत्येक वेळी, पहिल्या हाकेला."

"मग चांगलंय ना! चांगलं झालं तरी मलाच धरणार का?"

तेव्हा तिनं वर बघितलं. ओरडली नाही. "बो-लुन, हे बघ. एक डबा कसा बरा झाला ते कळलं तर बाकीचे आठ बरे करता येतील. अंधार पडायला थोडाच वेळ आहे. तू काहीही केलं असशील तरी मी चिडणार नाही. फक्त सांग."

मी पंपाकडे बघितलं. मग छताकडे.

"तुझ्या जॅकेटवर काय सांडलंय?" ती म्हणाली.

"खाल्ला," मी म्हटलं.

"काय खाल्लास?"

"पुडा. पाचमधला."

"खाल्लास? आज? लाटेच्या दिवशी?"

"चिडणार नाही म्हणालीस!"

"त्याला धूप दाखवलेला होता रे!"

"म्हणूनच चव चांगली होती."

ती उठली तेव्हा मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण तिनं नुसता हात पुढे केला. मी खिशातून चुरगळलेला पुडा काढून दिला. तिनं तो उलटा केला आणि आतली बाजू बाहेर काढली. आतून चकचकीत, आरशासारखा. ती त्याच्याकडे बघत राहिली. 

मग तिची जी घाई सुरू झाली. जास्तीचा एक डबा फळीवर होता, तो तिनं माझ्या हातात दिला आणि मला बांधाच्या टोकाला पिटाळलं. पुडा झाकणात लाव, म्हणाली. लावला. काढ. काढला. परत लाव. प्रत्येक वेळी ती पंपघरातून ओरडायची, "आता?" आणि मी ओरडायचो, "पुडा आहे!" किंवा "पुडा नाही!"

"कळलं ना आता?" शेवटी माझे हात गारठले तेव्हा मी ओरडलो.

"एकदा झालं तर योगायोग असतो! परत लाव!"

शेवटी ती बाहेर आली आणि बांधावरच मटकन बसली. हसत होती की रडत होती, वाऱ्यात कळेना. दोन्ही असावं.

"पातळसा धातूचा थर असतो आतून," ती म्हणाली. "कुरकुरीत राहावं म्हणून. आणि मी तो बरोब्बर अँटेनाला टेकवून लावला. डबा ओरडतोय, शेजाऱ्याला ऐकूच जात नाही. शेजारी 'ऐकलं' म्हणत नाही म्हणून हा परत ओरडतो, परत कान लावून बसतो, परत ओरडतो. दिवसरात्र. दोन वर्षं मी यांना झोपायला शिकवलं आणि उशी त्यांच्या तोंडावरच ठेवली."

मला वाटलं होतं पुडा खाल्ल्यावर काहीतरी भयंकर होणार. मशीन रुसणार, मासे मरणार, सगळं माझ्या डोक्यावर येणार. म्हणजे तसं काही नव्हतंच.  अशा वेळी मला गप्प बसता येत नाही.

"मी म्हटलंच होतं," मी म्हटलं.

"तू काहीच म्हटलं नव्हतंस."

"हो, ते खरंय."

एवढ्यात आ-कोंग काठी टेकत पंपघराच्या दारापर्यंत आले. बांधावर यायची बंदी होती, उंबऱ्यावर नव्हती. एक पुडा मी खाल्लाय आणि बाकीचे आठही आम्ही काढणार, हे ऐकल्यावर त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आज? लाट तोंडावर असताना?"

"आ-कोंग, त्यांच्यामुळेच सेल जातायत," आ-ची म्हणाली आणि त्यांना लॅपटॉप दाखवायला लागली. आ-कोंगनी लॅपटॉपकडे बघितलंच नाही.

"तारीख उलटली होती का?"

"नाही."

"रंग?"

"हिरवाच."

आ-कोंगनी विचार केला. "मग पुड्यांचा दोष नाही. जागेचा आहे." त्यांनी पंपघरातल्या भूमिदेवाच्या फळीकडे काठी दाखवली. "सगळे इथे आणून ठेवा, देवाजवळ. लांबून लक्ष ठेवतील." मग काठी माझ्याकडे वळवली. "आणि खाल्लेला एक भरून दे. स्वतः जाऊन आण."

"ती फळी रेडिओपासून लांब आहे ना?" मी आ-चीच्या कानात विचारलं.

"आहे, आहे," ती म्हणाली. "चल लवकर."

आम्ही दोघं एकाच तराफ्यावर निघालो. ती पुढे पोटावर आडवी झालेली, मी मागून बांबू मारत होतो. तराफा असा डोलत होता की तिचं जॅकेट कोपरापर्यंत भिजलं. प्रत्येक पाइपाशी ती झाकण उघडायची, पुडा काढून स्वतःच्या गळपट्ट्यात खोचायची आणि झाकण लावायची. सूर्य मिठागरांच्या पलीकडे उतरायला लागला होता.

"काय गं पोरी," खिम-पे त्यांच्या बांधावरून ओरडले, "खाऊ वाटत फिरतेयस का?"

"वाटलेला परत घेतेय, पे!"

"कंजूस! अगदी आजोबांवर गेलीस!"

शेवटचा पुडा निघाला तेव्हा बोटं वाकत नव्हती. मी स्कूटर काढून नाक्यावरच्या दुकानातून एक नवीन हिरवा पुडा आणला, तारीख बघून. फळीवर नऊ पुडे ओळीनं बसले, मधे भूमिदेव. आ-कोंगनी उदबत्ती लावली. आ-चीनं लॅपटॉप उघडला. नऊच्या नऊ डबे, एका हाकेत. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मी जागाच राहणार होतो. खुर्ची घेतली, पांघरूण घेतलं, आल्याचा गरम चहा घेतला. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

उजाडताना जाग आली ती घाबरूनच. पहिलं लक्ष गेलं ते पंपघरातल्या आ-कोंगच्या खाटेकडे. ते घोरत होते, तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला. लाट आलेली असताना आ-कोंगना झोपलेलं मी त्याआधी कधी बघितलेलंच नव्हतं. आ-ची लॅपटॉपवर डोकं ठेवून झोपलेली, गालावर बटणं उमटलेली. पंप चालू होता. आमच्यातल्या कुणीच तो लावलेला नव्हता.

मी अनवाणीच उत्तरेच्या तळ्याकडे पळालो. बांध बर्फासारखा. पाइपातून पडणाऱ्या पाण्यावर वाफ होती, आणि त्या वाफेखाली, खोल, मासे एकमेकांना खेटून उभे होते. काळ्या पाठींचा नुसता गठ्ठा. मी सगळा बांध फिरलो. मग दुसरा. मग तिसरा आणि चौथा. पांढरं काही दिसलं की थांबून वाकायचो, पण तो फेस असायचा, नाहीतर बगळ्याचं पीस. पोट एकही नव्हतं. मी बांधावर उकिडवा बसलो आणि मला हसूच यायला लागलं, कारण नसताना. पाय गारठून दुखायला लागले तरी थांबेना.

परत आलो तर आ-कोंग उठून बसले होते, भडकलेले.

"मला उठवलं का नाही?"

"कशाला उठवायचं?"

त्यांनी काठी हातात घेतली. म्हणाले, "मासे?"

"उभे आहेत. सगळे."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे, आ-कोंग."

ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथून चारही तळी एकेक करून बघायला लागले. त्यांच्या पाठीवरून काही कळत नव्हतं.

लाट अजून काही रात्री होती. त्या सगळ्या आम्ही झोपून काढल्या. आ-ची रोज सकाळी सेलचे आकडे बघायची आणि कुणी न विचारता सांगायची, "तसेच आहेत." खिम-पेंचे बरेच मासे गेले. ते येऊन आमच्या डब्यांकडे बघत उभे राहायचे, काही विचारायचे नाहीत. मग आ-चीनंच त्यांना विचारलं, तुमच्याकडे बसवू का. ते म्हणाले, बसव, पण त्या भांडकुदळ पोरालाही घेऊन ये, त्याच्याशिवाय काय मजा.

लाट ओसरून ऊन पडल्यावर लियाओ आला, संत्र्यांची पेटी आणि कागदांची फाइल घेऊन. आ-कोंगनी त्याला घरात बसवलं. तळ्यातल्याच माशाची पेज समोर ठेवली, वर आल्याचे तुकडे. "आधी खा," म्हणाले. तो खायला लागला तशी आ-कोंगनी फोन लावला, त्याच्यासमोरच, जरा जास्तच मोठ्या आवाजात. "हां, वसंतात पिल्लं पाहिजेत मला. साबाहीची. किती म्हणजे काय, नेहमीची. चारही तळ्यांची."

मी दाराशी उभा होतो. हातातलं भांडं मी कुठे ठेवलं, आठवत नाही.

लियाओचा चमचा क्षणभर थांबला. मग त्यानं वाडगा उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पेज संपवली. माणूस तसा वाईट नाही. "चव फार छान आहे," म्हणाला.

"अजून घ्या," आ-कोंग म्हणाले. "आहे भरपूर."

त्यानं खरंच अजून घेतली. फाइल त्यानं शेवटपर्यंत उघडली नाही, जाताना संत्री मात्र ठेवून गेला. मी आ-चीला सांगायला जिन्यावरून पळत वर गेलो तर ती पायरीवरच बसलेली, तिनं सगळं ऐकलेलं. मला म्हणाली, "तुझे डोळे का ओले?" मी म्हटलं, आलं तिखट होतं. ती म्हणाली, तू पेज खाल्लीच नाहीस. मी काहीतरी तोडून बोलणार होतो, पण तेवढ्यात ती उठून खाली गेली. आता ती स्कूटरचा हॉर्न सारखा वाजवतेय, खिम-पेंचे डबे, पाइप, सगळं तिनं एकटीनंच बांधलंय आणि अजून एकदा वाजवला तर आ-कोंग काठी घेऊन उठतील. मला आता निघायलाच पाहिजे.